सभेच्या गेटाबाहेर ‘४६ महिने’ अशी पाटी घेऊन उभे असलेले काका

मेनरोडवाला (धागाकर्ता)

शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या सिडकोत एका प्रचारसभेत अडकलो. गेलो नव्हतो, अडकलो. मुलीला क्लासवरून आणायला निघालो होतो. त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडेच रस्ता बंद, म्हणून गाडी लांब लावून चालत सुटलो, तर समोर मैदानाचं गेट. पक्षाचं, उमेदवाराचं, मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून धागा तिकडे वळतो. मला लिहायचंय ते गेटाबाहेरच्या एका काकांबद्दल.

वय सत्तरीच्या आसपास. स्वेटर, पायजमा, पायात मोजे घालून सँडल. हातात मुलांचं परीक्षेचं पॅड. त्याच्या क्लिपमध्ये जुन्या कॅलेंडरचं पान उलटं लावलेलं, आणि त्यावर निळ्या मार्करने ‘४६ महिने’. ४६ एवढं मोठं काढलं होतं की ‘महिने’ला जागाच पुरली नव्हती. ‘ने’ बिचारा कडेला अंग चोरून बसलेला. बाकी काही नाही. घोषणा नाही, झेंडा नाही, निषेधाचा न सुद्धा नाही.

येणारेजाणारे थांबून विचारत होते. एक पोरगा म्हणाला, “काका, गाडीचे हप्ते राहिले का?” एका बाईंनी साडेसातीचा अंदाज लावला. (साडेसातीचे ९० होतात, मी मनात हिशोब केला.) काका प्रत्येकाला त्याच शांतपणे सांगत होते, “मार्च बावीसपासून मोजा. महापालिकेत आपला एकही माणूस नाही. किती महिने झाले?” पोरगा बोटं मोजायला लागला आणि मोजता मोजता आत गेला.

मग एक हवालदार आले. वागायला सभ्य होते, हे आधीच सांगतो. त्यांच्याकडे छोटी वही होती. त्यांच्यातला संवाद मी दोन हातांवरून ऐकला.

“संघटना कोणती?”
“नाही.”
“पक्ष?”
“नाही.”
“मग बाकीचे कुठंयत?”
“बाकीचे म्हणजे?”

हवालदारांनी वहीकडे पाहिलं. रकाना भरायचा कसा हा त्यांचा खरा प्रश्न असावा. शेवटी म्हणाले, “बाबा, तो काळा मफलर तेवढा काढून ठेवा.” काका म्हणाले, “अहो, थंडी आहे.” तरी काढला, घडी घालून पिशवीत ठेवला. जानेवारीतली नाशिकची संध्याकाळ, तुम्हाला सांगायला नको.

आता माझा भाग. मी बाजूलाच फोनवर मुलीला “दहा मिनिटं थांब” सांगत उभा होतो. काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “जरा धरता का? जाऊन येतो.” करंगळी दाखवली. नाही म्हणायचं कसं? पॅड हातात घेतलं.

मंडळी, मी ते पॅड उलटं धरलं. अक्षरं माझ्या छातीकडे, मागचा तपकिरी पुठ्ठा लोकांकडे. ठरवून केलं असंही नाही, हात आपोआप वळले. समोरून शेजारच्या बिल्डिंगमधले गृहस्थ गेले, त्यांना वाटलं मी सर्व्हे करतोय. जेमतेम सात-आठ मिनिटं झाली असतील. पोलीस माझ्याकडे बघत नव्हते, कार्यकर्ते बघत नव्हते, कोणीच बघत नव्हतं, तरी कानशिलं गरम झालेली. काका आले, पॅड घेतलं, सुलटं केलं, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. मोर्च्यात मी गेलोय, बी. डी. भालेकर मैदानापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत घसा बसेपर्यंत ओरडलोय. मग एकट्याने एक पुठ्ठा सुलटा धरायला काय झालं?

---

खवचट_खमंग

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचतो.

---

सातपूरची_शिफ्ट

लेखन आवडलं, पण भाबडं वाटलं. निवडणुकीच्या हंगामात एकटा माणूस पाटी घेऊन उभा राहतो तेव्हा शंभर फुटांवर त्याला उभं करणारा चहा पीत असतो. समोरच्या उमेदवाराने बसवलेला माणूस असणार. रील झालं का? झालं असेलच.

---

मेनरोडवाला

@सातपूरची_शिफ्ट, शंका रास्त आहे, मलाही आली होती. म्हणून नंतर विचारलं. कंपनीतून रिटायर्ड, सिडकोत स्वतःची रूम. म्हणाले, “नळाला पाणी कमी येतंय हे सांगायला चार वर्षं दार नव्हतं. आता मतं मागायला एका दारात चौघं येतायत.” प्रभागात चार जागा आहेत ना, त्यावरून. त्या सगळ्यांच्या सभांना जाऊन हीच पाटी धरणार होते. त्या दिवशीची तिसरी. म्हणजे बसवला असेल तर सगळ्यांनी मिळून वर्गणी काढून बसवला असेल.

---

कलमबहाद्दर

४६चा हिशोब बरोबर आहे. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२च्या मध्यात संपली. तेव्हापासून आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रकही प्रशासकांनीच मांडायचं आणि प्रशासकांनीच मंजूर करायचं. १२२ नगरसेवकांची महासभा नाही, स्थायी समिती नाही. येत्या गुरुवारी, १५ जानेवारीला मतदान. झाले ४६.

आता संविधानात काय आहे ते बघा. ७४ वी घटनादुरुस्ती, अनुच्छेद २४३ यू: महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि पुढची निवडणूक मुदत संपण्याच्या *आधी* पूर्ण व्हायला हवी. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या खटल्यांत सगळं लटकलं. ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग ती मुदत वाढून ३१ जानेवारी २०२६ झाली. म्हणजे काकांनी पाटीवर मत लिहिलेलंच नाही, नुसतं वजाबाकीचं उत्तर लिहिलंय.

राहिला पोलिसांचा प्रश्न. सभेत गोंधळ घातला तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ लागतं, सहा महिने किंवा दोन हजार दंड. पण काका गोंधळ घालत नव्हते.

---

बार_रूम_बाहेर

@कलमबहाद्दर, चूक. १९५१चा तो कायदा लोकसभा-विधानसभेसाठी. महापालिकेची निवडणूक २४३ झेडए खाली राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे १२७ आणून बसवता येणार नाही.

असल्या वेळी शहरात सहसा लागू असतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा आदेश, ज्याला आपण जमावबंदी म्हणतो. त्यात पाच किंवा जास्त माणसं एकत्र यायला बंदी. एक माणूस म्हणजे जमाव नव्हे, कितीही जाड असला तरी. त्याच कलमात फलक दाखवण्याबद्दलही आहे, पण सभ्यता-नीतिमत्तेला धक्का देणारे किंवा राज्याच्या सुरक्षिततेला धोका ठरणारे फलक. ‘४६ महिने’मध्ये असभ्य काय ते शोधून दाखवा.

तरीही उचलायचंच ठरवलं तर मार्ग असतो. नेत्यांच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ची जी नोटीस यायची, ती १ जुलै २०२४पासून नव्या संहितेत १६८ झाली. १५१ खाली आधीच अटक करून बसवून ठेवायचे ते आता १७०. पण त्यासाठी हा माणूस दखलपात्र गुन्हा करणार आहे, असं अधिकाऱ्याला ठाऊक असायला लागतं. हवालदारसाहेबांनी वहीकडे पाहून मफलरावर भागवलं, यात मला तरी शहाणपण दिसतं.

---

कलमबहाद्दर

मान्य. १२७ मागे घेतो. (मफलराचं कलम कोणतं?)

---

बार_रूम_बाहेर

मफलर हे ‘वरून सांगितलंय’ या कलमात येतं.

---

पैठणगेट_पान

४६? अहो नाशिककर, आमच्याकडे या. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२०ला संपली. मतदान तुमच्याबरोबरच, गुरुवारी. आमचे ६८ होऊन वर काही दिवस. तुमच्या काकांना पॅड तरी पुरलं, आमच्या माणसाला दार काढून आणावं लागेल.

---

चांदवडी_गोल्टी

एकट्या माणसाचा आवाज म्हणाल तर आमच्या बाजूचा प्रसंग आठवा. १५ मे २०२४, पिंपळगाव बसवंत, पंतप्रधानांची सभा. भाषण चालू असताना एक तरुण उभा राहिला आणि ओरडला, “कांद्यावर बोला!” दोनच शब्द. व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला.

आता लोक म्हणतात त्या एका पोराने दिंडोरी लोकसभेचा निकाल फिरवला. काही फिरवला नाही. निर्यातबंदी डिसेंबर २०२३ची. मे २०२४मध्ये उठवली ती ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची अट लावून. मधल्या पाच महिन्यांत ज्याच्या हातात कांदापट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) पडली, त्याने मत तेव्हाच ठरवलं होतं. पोराने फक्त मंडपातल्या लोकांच्या तोंडातलं वाक्य उसनं घेतलं. म्हणून लागलं ते.

दुसरं उदाहरण २०१८चं. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधान कार्यालयाला मनीऑर्डरने पाठवून दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला किसान मोर्चा निघाला होता, हजारो माणसं, लाल टोप्या, पायांना फोड. तो मोर्चा मोठाच. पण आमच्या ओट्यावर अजून दोन्हींचा विषय निघतो, आणि १०६४ हा आकडा लोकांना तोंडपाठ आहे. किलोला दीड रुपयाच्याही खाली. आकड्यात एक गंमत असते, त्याला कोणी ‘भावना भडकावल्या’ म्हणू शकत नाही. काकांना हे बरोबर कळलेलं दिसतं.

---

माजी_उपरणं

मी एका पक्षात आठ वर्षं काम केलंय. कोणता ते विचारू नका, सगळीकडे सारखंच. व्यासपीठाच्या बाजूने हा प्रकार कसा दिसतो ते सांगतो.

शंभर लोक काळे झेंडे घेऊन आले की आम्हाला बरं वाटायचं. खरंच. समोर कोण आहे ते कळतं, त्यांचा नेता कोण ते कळतं, त्याला फोन जातो, पोलीस व्हॅन येते, सगळे हसत हसत चढतात, दोन तासांनी सुटतात, दोन्हीकडचे फोटो येतात. ठरलेलं नाटक असतं.

एकटा माणूस आला की घाम फुटायचा. त्याला फोन कोणाकडून करवायचा? बसमध्ये एकट्याला घालून नेला तर फोटो कसा दिसेल? आम्हाला सूचना असायची: हात लावायचा नाही, मोबाईल चालू असतात. आधी एक वयस्कर कार्यकर्ता पाठवायचा, ‘काका, चहा घेऊ, तुमचं साहेबांच्या कानावर घालतो.’ नाही ऐकलं तर उंच पोरं मोठे झेंडे घेऊन त्याच्या पुढ्यात उभी करायची. नुसती उभी. त्याला ढकलायचं नाही, फक्त तो दिसता कामा नये. मी स्वतः एकदा असा झेंडा धरून उभा होतो. मागे एक मास्तर होते, त्यांच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते मी आजतागायत वाचलेलं नाही. पाठ होती ना त्यांच्याकडे.

मेनरोडवाला, तुमच्या काकांपुढे झेंडे आले का?

---

मेनरोडवाला

आले! मला तेव्हा संबंध कळला नव्हता. साहेबांचा ताफा यायच्या आधी चार पोरं झेंडे घेऊन बरोबर त्या जागी आली. काका दोन पावलं डावीकडे सरकले. पोरंही सरकली. काका परत उजवीकडे. असं तीन-चारदा झालं, शेवटी त्यातल्याच एका पोराला हसू फुटलं. ताफा गेला तेव्हा काका झेंड्यांच्या मागे होते. ४६चा ६ तेवढा दिसला असेल तर असेल.

---

गौतमीतीर

सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. काकांना ‘संघटना कोणती’ विचारलं. मला विचारलं होतं ‘घरचे कुठंयत’.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या रस्त्यावरचे दिवे पाच महिने बंद. क्लासच्या मुली अंधारातून यायच्या. एका नेत्यांचा कार्यक्रम होता तिथे मी पाटी घेऊन उभी राहिले, ‘दिवे लावा’ एवढंच. (हो, दुहेरी अर्थ मुद्दाम.) अर्ध्या तासात चार माणसांनी मला समजावलं. कोणी रागावलं नाही, सगळ्यांनी समजावलंच. ताई, भाऊ आलेत का सोबत? ताई, उशीर होतोय. ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. एकाने तर माझ्यासाठी रिक्षा थांबवली आणि भाडंही देतो म्हणाला. भांडले असते तर मी टिकले असते. त्या गोडव्यापुढे टिकले नाही, गेले रिक्षात बसून. भाडं माझं मी दिलं, तेवढीच काय ती बाणेदारी.

त्यामुळे धागाकर्त्यांनी पाटी उलटी धरली यात मला अजिबात नवल वाटत नाही. मोर्च्यात आपण ओरडतो तेव्हा आपला आवाज आपल्यालाही ऐकू येत नाही. एकटं उभं राहिलं की शेजारीण उद्या काय विचारेल ते आधी ऐकू येतं.

---

टेम्सकाठी_गोदाकाठी

नाशिकरोडचा, आता लंडनला. इथे पार्लमेंटसमोरच्या चौकात ब्रायन हॉ नावाचा माणूस २ जून २००१ला येऊन बसला, इराकवरच्या निर्बंधांच्या विरोधात. जवळजवळ दहा वर्षं तिथेच तंबू टाकून. त्याला हटवायचं म्हणून २००५मध्ये पार्लमेंटच्या आसपास परवानगीशिवाय निदर्शनं करायला बंदी घालणारा कायदा केला, तर कोर्टात पहिल्यांदा असं ठरलं की तो कायदा येण्याआधीपासूनच बसलाय, त्याला लागूच होत नाही! वरच्या कोर्टाने नंतर ते फिरवलं ती गोष्ट वेगळी. २०११मध्ये तो कॅन्सरने गेला. मी इथे आलो तोपर्यंत चौकात दुसरी माणसं बसायला लागली होती. आमच्या ऑफिसातल्या लोकांना तो नुसता ‘तिथला तो’ म्हणून माहीत होता. दहा वर्षांत शहराला त्याची सवय झाली. तुमच्या काकांना ती अडचण नाही, मंगळवारी प्रचार संपतोय.

---

पंचवटी_एक्सप्रेस

नाशिक ही सत्याग्रहाची भूमी आहे. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी उभा केलेला. त्या परंपरेतले हे काका आहेत. त्रिवार वंदन!

---

खवचट_खमंग

रुमाल उचलला, वाचलं. @पंचवटी_एक्सप्रेस, जरा दमानं घ्या. काळारामला हजारो माणसं होती आणि पाच वर्षं दार उघडलं नाही. डोकी फुटली होती तिथे. इथे काकांचा मफलर काढला. काकांनाच हे वंदन दाखवलंत तर ते पॅड घेऊन तुमच्या दारात येतील.

मेनरोडवाला, खरं सांगू? मला तुमच्या सगळ्या लेखात ‘बोलले असते तर बरं वाटलं असतं’ हे वाक्य लागलं. काका कशाला बोलतील? तुम्ही पाटी टाकून पळाला नाहीत एवढ्यावर ते खूश असतील. त्या वयात सात मिनिटं कोणी पाटी सांभाळली हीच मोठी गोष्ट. (प्रोस्टेटवाल्यांची कळकळ, ह. घ्या.)

---

सातपूरची_शिफ्ट

माझा पहिला प्रतिसाद जरा फटकळ झाला. झेंड्यांचं वाचल्यावर विचार बदलला. बसवलेल्या माणसाला झाकायला चार पोरं लावत नाहीत, त्याच्याशी सरळ भांडण काढतात.

एक तांत्रिक मुद्दा मात्र आहे. मतदान झालं, निकाल लागला, तरी गॅझेट, महापौर निवड, पहिली महासभा हे सगळं होईपर्यंत कारभार प्रशासकांकडेच. म्हणजे १५ तारखेला मोजणी थांबवणं चूक आहे. काकांनी ४७ची तयारी ठेवावी.

---

मेनरोडवाला

शुक्रवार, निकालाचा दिवस. काल मतदान करून आलो. चार बटणं दाबायची होती. आमच्या पुढच्या आजी एकच दाबून निघाल्या होत्या, त्यांना परत बोलावलं.

केंद्राबाहेर काका भेटले. अर्थात पाटी नव्हती, केंद्राजवळ असलं काही चालत नाही हे त्यांना माहीत होतं. मफलर गळ्यात. मला ओळखलं, “पाटीवाले ना तुम्ही?” म्हणाले. मी पाटीवाला! मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी ते चेष्टेने म्हटलेलं वाटलं नाही.

या धाग्याबद्दल सांगितलं. झेंडेवाल्या पोरांचं कारण सांगितलं तर हसले, “मला वाटलं पोरांना जागा पुरत नाही.” संभाजीनगरचे ६८ ऐकून मात्र गंभीर झाले, दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. आणि @सातपूरची_शिफ्ट, तुमचा ४७चा मुद्दा सांगितला. थोडा वेळ विचार केला त्यांनी. मग म्हणाले, “बरोबर आहे. पण सहाचा सात होत नाही, गिचमिड होते. नवं पान लावावं लागेल.” शाईचं बोट पुसत पुसत पुढे विचारलं, “तुमच्याकडे गेल्या वर्षीचं कॅलेंडर असेल ना? मोठं असलं तर बघा, ‘महिने’ नीट बसलं पाहिजे या वेळी.”

आमच्या स्वयंपाकघरात आहे एक. सकाळीच खिळ्यावरून काढून ठेवलंय.